वर्णहीन मुलांचे डोळे : वाचकांचे प्रश्न

जन्मजात वर्णहीनता, म्हणजेच अल्बिनिझम, असलेल्या मुलांच्या नजरेविषयी तीच ती शंका पुन्हा पुन्हा येते, म्हणून काही पत्रांना येथे एकत्र उत्तर देत आहे.

प्रश्न : मी गरोदरपणी ग्रहण पाहिले, त्यामुळे असे झाले का? (कागल)
उत्तर : नाही. हा दोष आनुवंशिक आहे.

प्रश्न : मुलीचे डोळे फोटोत लाल दिसतात. आत रक्त साकळले असेल का? (गडहिंग्लज)
उत्तर : नाही. बुबुळात रंगद्रव्य कमी असल्याने प्रकाश आरपार जातो आणि आतून परतताना लालसर दिसतो. तिला ऊन सोसत नाही तेही त्यामुळेच. मात्र फोटोत पांढरी चमक दिसली, तर लगेच नेत्रतज्ज्ञ गाठा. गॉगलही त्यांनाच विचारून घ्या, कारण अतिनील किरण न अडवणारी नुसती काळी काच बाहुली मोठी करून त्या किरणांना वाट देते.

प्रश्न : सात वर्षांचा मुलगा चष्मा लावूनही तक्त्यावरचे वरचे एकच अक्षर वाचतो. जाहिरातीतले थेंब घातल्यास सहा महिन्यांत चष्मा जाईल म्हणतात. (राजारामपुरी)
उत्तर : जाणार नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागी फोव्हिया हा सूक्ष्म खळगा असतो आणि बारीक पाहण्याचे काम तिथल्या दाट पेशी करतात. वर्णहीनतेत तो नीट घडतच नाही, त्यामुळे चष्म्याने प्रतिमा कितीही रेखीव पाडली तरी ती टिपणारी जागाच अपुरी पडते. शिवाय एरवी प्रत्येक डोळ्याचे निम्म्याहून थोडे अधिक चेतातंतू मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातात, ते येथे बहुतेक सगळेच जातात, म्हणून दोन्ही डोळ्यांचा मेळ बसून खोलीचा अंदाज येणे कठीण होते. थेंबांनी खळगा खणला जात नाही आणि तंतूंची वाटही बदलत नाही. तरीही चष्मा सोडू नका, कारण बहुधा जोडीला मोठा नंबर असतोच. थेंबांत सहा महिने घालवण्यापेक्षा अल्पदृष्टी तज्ज्ञांकडून भिंग, लहान दुर्बीण आणि ठळक छपाईची पुस्तके यांविषयी आत्ताच सल्ला घ्या.

प्रश्न : तो मान वाकडी करून वाचतो. बाई सरळ बस म्हणून ओरडतात. (कसबा बावडा)
उत्तर : बाईंना थांबवा. त्याचे डोळे सतत हलतात आणि ज्या कोनात ती हालचाल सर्वांत कमी होते, तो कोन त्याने स्वतः शोधला आहे. एका मुलीची हनुवटी मी बोटाने सरळ केली, तर तक्त्यावरच्या दोन ओळी तिला दिसेनाशा झाल्या. बोट काढताच तिने त्या वाचल्या. मान फारच वळत असेल, तर शस्त्रक्रियेबद्दल तज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का?
उत्तर : ते तपासणीवर अवलंबून आहे. 2016 च्या कायद्यानुसार योग्य चष्मा लावून, त्यातल्या त्यात चांगल्या डोळ्याची नजर पाहतात, तेव्हा शासकीय रुग्णालयात जाताना चष्मा घरी विसरू नका.