मैदानावरचे प्रश्न : बारक्यानं बास्केटबॉल खेळावं का?

प्रश्न : सर नमस्कार, मी साताऱ्याचा, दहावीला आहे, उंची 5 फूट 2 इंच. चार वर्षं बास्केटबॉल खेळतोय, टीमचा पॉईंट गार्ड मीच, म्हणजे बॉल पुढं आणून खेळ लावायचं काम माझं, बॉल हँडलिंगमधे मला कोणी धरत नाही असं आमचे सर म्हणतात, मी नाही म्हणत. यंदा सिलेक्शनला गेलो तर तिथं एकांनी बॉल हातात द्यायच्या आधीच सगळ्यांना भिंतीला उभं केलं आणि मला म्हणाले तू खो-खोला जा. बाबा म्हणतात आता बास झालं, अभ्यास बघ. मित्रानं एक रील दाखवलं, त्यात 5 फूट 3 इंचाचा माणूस एनबीए, म्हणजे अमेरिकेची ती मोठी बास्केटबॉल लीग, खेळतोय. ते खरं आहे का एडिटिंग आहे? आणि खरं असेल तर माझं काय होऊ शकतं? उगाच मोटिव्हेशन देऊ नका, खरं सांगा.
— बारक्या, सातारा (नाव छापू नका, हे चालेल, तसंही सगळे हेच म्हणतात)

उत्तर : बारक्या, रील खरं आहे. टायरोन बोग्स, जग त्याला मग्सी म्हणतं. उंची 5 फूट 3 इंच, म्हणजे 160 सेंटिमीटर. एनबीएत आजवर त्याच्यापेक्षा बुटका कोणी खेळलेला नाही, आणि हा काय एक-दोन मॅच खेळून गेला असं नाही, 1987 पासून 2001 पर्यंत 889 मॅच खेळला.

आधी त्या भिंतीचं बोलतो. आमच्या वेळी खडूनं रेघ मारायचे, रेघेच्या खाली डोकं राहिलं की घरी. मी दोन बोटं खाली राहिलो. त्या रेघेचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, तेव्हा या उत्तरात थोडी तुझ्या बाजूची ओढ दिसली तर समजून घे.

पण रेघ मारणारा अगदीच येडा नसतो हेही ऐकून घे. आपल्याकडं कुस्ती बघत पोरं मोठी होतात. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते 57 किलो गटात, म्हणजे समोर येणारा प्रत्येक जण त्याच वजनाचा. बास्केटबॉलमधे असला गट नाही. रिंग सगळ्यांना 10 फुटांवर, आणि समोर साडेसहा फुटी आला तर तो तुझा, तूच बघून घ्यायचा. त्यामुळं 'उंचीनं काही होत नाही, मनात जिद्द पाहिजे' हे भाषण मी देणार नाही. उंचीनं पुष्कळ होतं. मग हा मग्सी टिकला कसा ते बघू.

बाल्टिमोरच्या गरीब वस्तीतलं पोरगं. पाच वर्षांचा असताना रस्त्यावरच्या गोळीबारात छर्रे लागले, पुढं बाप तुरुंगात गेला. डनबार नावाच्या शाळेत खेळला, आणि ती शाळेची टीम काय विषय होता म्हणून सांगू, 1987 च्या ड्राफ्टमधे, म्हणजे एनबीएच्या टीम नवे खेळाडू ओळीनं निवडतात त्यात, पहिल्याच राउंडला त्या एका टीममधले तिघं उचलले गेले: रेजी विल्यम्स चौथा, मग्सी बारावा, रेजी लुईस बाविसावा. म्हणजे चिठ्ठी टाकून किंवा कौतुक म्हणून घेतलेला नव्हता, वेक फॉरेस्ट कॉलेजकडून चार वर्षं खेळून, 1986 ला स्पेनमधे अमेरिकेच्या टीमबरोबर वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड घेऊन आलेला होता. पहिल्या वर्षी वॉशिंग्टननं त्याला घेतलं आणि त्याच टीममधे होता मनुट बोल, 7 फूट 7 इंच. झालं, फोटोवाल्यांची चैन. दोघांना शेजारी उभं करायचं आणि लोकांनी हसायचं. वर्षभरानं वॉशिंग्टननं मोकळा सोडला, तेव्हा शार्लटची टीम नवीन निघत होती त्यांनी घेतला, आणि तिथं गडी जवळपास 10 वर्षं राहिला.

आता मुद्द्याचं, हे नीट वाच. बॉल कितीही उंच माणसाच्या हातात असू दे, ड्रिबल करताना तो जमिनीला लागावाच लागतो. साडेसहा फुटी माणसाचा बॉल कमरेपासून खाली जाणार, आपटणार, परत कमरेपर्यंत येणार, तेवढा वेळ तो बॉल कुणाचाच नसतो. त्या कमरेखालच्या जागेत कोर्टवर सगळ्यात उंच माणूस मग्सी होता. 1,369 स्टील, म्हणजे समोरच्याकडून काढून घेतलेले बॉल, आहेत त्याच्या नावावर. उलट त्याचा स्वतःचा ड्रिबल गुडघ्याच्याही खाली, तो काढायला जाणाऱ्याला आधी वाकावं लागायचं, आणि उंच माणूस वाकला की त्याचे पाय अडकले म्हणून समज. 6,726 असिस्ट आहेत, म्हणजे ज्यावर टीममधल्या दुसऱ्यानं बास्केट केला असे पास. त्याहून भारी आकडा म्हणजे एक टर्नओव्हर झाला, म्हणजे बॉल समोरच्या टीमला गेला, तर त्याच्या बदल्यात साडेचारच्या वर असिस्ट, बॉल घालवायचाच नाही हा त्याचा खरा धंदा. 1993 ला त्यानं 7 फुटी पॅट्रिक इविंगला ब्लॉक केला, म्हणजे त्याचा शॉट हवेत अडवला, ते सगळे दाखवतात, पण अख्ख्या करिअरमधे ब्लॉक 39 च, ती त्याची भाकरी नव्हती. तुझं ते रील बहुतेक त्या 39 मधलंच असणार.

तू खरं सांगा म्हणालास म्हणून त्याच्या कमजोरीचंही सांगतो. थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबच्या रेघेबाहेरून टाकायचा शॉट, त्याला जमत नव्हता, शंभरातले 28 जायचे. त्या काळात चालून गेलं, आता चालणार नाही, बुटक्या गार्डला बाहेरून टाकता आलं नाही तर समोरचा दोन पावलं मागं उभा राहून तुझी सगळी चलाखी बंद करतो. अलीकडचा आयझेया थॉमस बघ, 5 फूट 9, 2011 च्या ड्राफ्टमधे 60 वा म्हणजे अगदी शेवटचा, आणि 2016-17 ला बॉस्टनकडून मॅचला सरासरी 28.9 पॉइंट. तो शूटिंगवर जगला. आणि गुडघे सांभाळ. मग्सीचा गुडघा गेला तेव्हा 1995-96 च्या सीझनला तो फक्त 6 मॅच खेळू शकला.

आता करिअर. एनबीए सोड. आपला सतनाम सिंग 7 फूट 2 इंच, 2015 ला ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय, त्याला एनबीएची एक मॅच खेळायला मिळाली नाही. त्यामुळं उंची असली की झालं असंही नाही आणि नसली की संपलं असंही नाही, पण भारतात बास्केटबॉलवर घर चालवणारी माणसं थोडीच आहेत. रेल्वेची टीम आहे, स्पोर्ट्स कोटा आहे, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण या सगळ्याला वरच्या लेव्हलचं सर्टिफिकेट लागतं. पतियाळाला एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा डिप्लोमा आहे, पॉईंट गार्ड चांगले कोच होतात असं माझं मत आहे कारण त्यांना बाकी चौघं कुठं उभे आहेत ते बघायची सवय लागलेली असते. म्हणून बाबांचं अभ्यासाचं ऐक. ते खेळाच्या विरोधात असतीलच असं नाही, त्यांना महिन्याचा हिशोब दिसतोय.

आणि संध्याकाळी हे कर. दोन खुर्च्या घे, खुर्च्यांच्या पायांना तुझ्या गुडघ्याच्या खाली येईल अशी सुतळी बांध, आणि सुतळीच्या वर बॉल येऊ न देता शेजारून ड्रिबल करत जा-ये कर, डावा हात, उजवा हात. पहिल्या आठवड्यात मांड्या थरथरतील, कंबर धरेल, सुतळीला बॉल लागून खुर्ची पडेल आणि आई ओरडेल. पडू दे. नजर बॉलवर नको, समोर कोणाला तरी उभा करून बोटं दाखवायला सांग आणि ड्रिबल करता करता आकडा ओरड. दुसरं, फ्लोटर शीक, उंच माणसाचा हात वर पूर्ण जायच्या आधीच बॉल त्याच्यावरून सोडायचा. तिसरं, समोरच्या गार्डला त्याच्या रिंगपासूनच धर. हाफ ओलांडायला त्यांना 8 सेकंद असतात, त्यातले 6 तू खाल्लेस तर त्यांचा प्लॅन लागायला शॉट टाकायच्या 24 सेकंदांपैकी 18 च उरतात, आणि हे करायला उंची लागत नाही, फुफ्फुस लागतं. ते साताऱ्यात राहून अजिंक्यताऱ्याच्या चढावर फुकट तयार होतं.

एक वही कर. प्रत्येक मॅचचे असिस्ट आणि टर्नओव्हर लिही, स्वतः नाही, बाहेर बसलेल्या पोराकडून लिहून घे, आपण आपले टर्नओव्हर मोजत नसतो. पुढच्या वर्षी 17 किंवा 19 वर्षांखालच्या, ज्या गटात तुझं वय बसेल त्या सिलेक्शनला वही घेऊन जा. भिंतीला उभं केलं तर उभा राहा, माप देऊन झालं की वही पुढं कर. बघतीलच असं मी म्हणत नाही.

प्रश्न : मुलगा 14 वर्षांचा, बास्केटबॉलचं वेड, उंची 5 फूट. टीव्हीवर उंची वाढवायची पावडर दाखवतात, तीन महिन्यांचा कोर्स बराच महाग आहे. शेजारच्या म्हणाल्या बारला लोंबकळायला लावा. काय करू? मिस्टर 5 फूट 5, मी 5 फूट.
— एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, पावडर घेऊ नका. हाडांच्या टोकाला वाढीची जागा असते, ती उघडी आहे तोवर पोरगं आपोआप वाढतं आणि एकदा बंद झाली की कुठलीच पावडर ती उघडत नाही. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांकडं जा, मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय सांगतात, तो खर्च कामाचा. लोंबकळून खांदे मजबूत होतील, होऊ देत, चांगलंच आहे.

डॉक्टर एक ढोबळ हिशोब करतात. आईबाबांची उंची सेंटिमीटरमधे मिळवायची, मुलगा असेल तर 13 आणखी, आणि भागिले दोन. तुमचे 152, मिस्टरांचे 165, झाले 317, अधिक 13 म्हणजे 330, अर्धे 165. यात सात-आठ सेंटिमीटर इकडं तिकडं होतं. 165 म्हणजे 5 फूट 5. अर्ल बॉयकिन्स बरोबर एवढाच होता, 1998 च्या ड्राफ्टमधे त्याला कोणी विचारलं नाही तरी एनबीएत 10 वर्षांहून जास्त खेळला, आणि 2004 ला डेन्व्हरकडून एका मॅचमधे 32 पॉइंट काढले. पावडरच्या पैशात पोराला चांगले शूज घ्या आणि उरलेल्यात महिनाभर अंडी, दूध, शेंगदाणे. आणि रात्री मोबाईल काढून घ्या, झोपेत वाढतात पोरं.

प्रश्न : सर, हे सगळे बुटके प्लेयर मुलगेच का? मी 5 फूट 1 इंच आहे, गार्ड खेळते, दादाच्या बॉलनं प्रॅक्टिस करते पण हातात बसत नाही.
— मिरज

उत्तर : मुलगेच नाहीत, आपल्यालाच मुलींची नावं ठाऊक नसतात, चूक माझी पण. टेमेका जॉन्सन, 5 फूट 3, 2005 ला डब्ल्यूएनबीएची, म्हणजे बायकांच्या एनबीएची, रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातली सगळ्यात भारी नवी खेळाडू. डेबी ब्लॅक साधारण तेवढीच, 2001 ला अख्ख्या लीगची डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर, म्हणजे बचावात सगळ्यात भारी, तेही वयाच्या पस्तिशीत. वरचं सुतळीचं सगळं तुलाही लागू. आणि हातात बसत नाही कारण तो मुलांचा 7 नंबरचा बॉल आहे. मुलींच्या मॅचला 6 नंबरचा असतो, थोडा लहान आणि हलका. तो घे आणि दादाचा बॉल दादाला परत दे.