दहावीचं प्रमाणपत्र नीटला चालत नाही, आणि पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका

ताई, "मुलीला डिसग्राफिया आहे, दहावीला बोर्डाकडून जादा वेळ मिळाला होता, तेच प्रमाणपत्र नीटच्या फॉर्मला लावू ना?" मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेबद्दलचं हे तुमचं वाक्य वाचलं आणि पोटात गोळा आला. आमच्या मुलालाही डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिण्यात अडचण. त्याच्या वेळी मीही हेच म्हणत होते, फक्त शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं.

नाही चालत. आमच्या बोर्डाच्या कागदावर अध्ययन अक्षमता आहे एवढंच होतं, टक्केवारीचा रकानाच नव्हता. नीटला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं प्रमाणपत्र लागतं, त्यावर ४० टक्के किंवा जास्त हवेत. शिवाय लिहिण्यात अडचण येते असं बुलेटिनमधल्या (नीटच्या माहितीपुस्तिकेतल्या) नमुन्यात सरकारी डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी. टक्के कमी भरले तर लगेच हाय खाऊ नका. ४० च्या खालच्यांसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत (आधी ऑगस्ट २०२२ च्या होत्या, ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या आल्या), त्याचा नमुना वेगळा असतो.

हे आम्हाला मुलगा बारावीत गेल्यावर, दिवाळीनंतर कळलं. तरी वेळ होता. तो घालवला एका कार्यालयाने (नाव लिहीत नाही, पुन्हा तिथेच जावं लागलं तर?) आणि त्याहून जास्त माझ्या भिडस्तपणाने. नोव्हेंबरात प्रमाणपत्रासाठी अर्ज दिला. टेबलावरचे गृहस्थ गोड बोलले, "ठेवून जा, फोन करू." मी पोच मागितली नाही. मागितली तर चिडतील, असं वाटलं. मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. साहेब गुरुवारी बसतात. गुरुवारी गेलो तर साहेब कॅम्पला. पुढच्या गुरुवारी सुट्टी. मुलाचे क्लास बुडत होते ते वेगळंच. फेब्रुवारीत उत्तर आलं, "तुमचा अर्ज आमच्याकडे आलेलाच दिसत नाही." सिद्ध काय करणार? हातात चिठोरंसुद्धा नव्हतं.

२०२४ च्या मे महिन्यात तो जादा वेळेशिवाय बसला. तेव्हा पेपर २०० मिनिटांचा होता. उत्तरं प्रश्नपत्रिकेवर खुणा करून झाली होती, पण ओएमआरवर (गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर) ३१ गोळे रंगवायचे राहिले. येत असलेले ३१ प्रश्न! घरी येऊन जेवलासुद्धा नाही. त्या टेबलाकडे मी आजही बघू शकत नाही.

म्हणून सांगते (मी वकील नाही, डॉक्टर नाही, नियम दरवर्षी बदलतात, चालू वर्षाचं बुलेटिन स्वतः वाचा): अर्ज दोन प्रतींत न्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. देत नाहीत? स्पीड पोस्टाने पाठवा. आणि हे अकरावीतच करा, म्हणजे आत्ता.

अनेकांना वाटतं लेखनिक घेतला तरच जादा वेळ. तसं नाही. पात्र विद्यार्थ्याला लेखनिक नसला तरी जादा वेळ मिळतो, तीन तासांच्या पेपरला एक तास. माझं मत विचाराल तर ज्याला स्वतः रंगवता येतं त्याने लेखनिक घेऊच नये. अनोळखी माणसाला 'बी नाही, डी' सांगण्यात डोकं शिणतं. हे आमच्या मुलापुरतं, तुमची मुलगी वेगळी असू शकते.

परीक्षा केंद्रावरचे लोक या बाबतीत कोरे असतात असं धरून चला. २०२१ च्या नीटमध्ये डिसग्राफिया असलेल्या एका मुलीचा पेपर जादा तास न देताच काढून घेतला होता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टाने अन्याय झाला हे मान्य केलं, पण पुन्हा परीक्षा मिळाली नाही. २०२५ ला, दुसऱ्या प्रयत्नात, प्रमाणपत्र हातात होतं, तरी मुलाचे बाबा आदल्या दिवशीच केंद्रप्रमुखांना भेटले, त्या निकालाची प्रत घेऊन. प्रमुखांनी ती शांतपणे वाचली आणि पर्यवेक्षकांना बोलावून सांगितलं. मुलगा सहापर्यंत बसला. (त्या वर्षीचं फिजिक्स किती अवघड होतं, आठवतंय ना? त्या तासाशिवाय काय झालं असतं देव जाणे.)

प्रवेशाच्या वेळची तपासणी हा वेगळाच अध्याय, परीक्षेचा कागद तिथे पुरत नाही. तिथे टक्के जास्त आहेत म्हणून कुणी घाबरवलं तर ऑक्टोबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल शोधा. वाचादोष ४५ टक्के असलेल्या मुलाचं प्रकरण आहे. नुसत्या आकड्यावरून अपात्र ठरवता येत नाही, शिकता येईल का ते अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने तपासावं, असं त्यात म्हटलंय.

एक बारकी गोष्ट. पेन केंद्रावरच देतात, स्वतःचं नेता येत नाही. आमचा मुलगा जाड ग्रिपच्या पेनावर वाढलेला, पहिल्या वर्षी बोटं आखडली. दुसऱ्या वर्षी मी साध्या बॉलपेनांचं पाकीट आणलं आणि सहा महिने त्याच पेनांनी रोज १८० गोळे रंगवून घेतले. सरावाचे पेपरही चार तासांचे लावा, दुपारी दोन ते सहा, मध्ये चहा नाही.

पोचेसह अर्जाचा मराठी मसुदा माझ्याकडे आहे, हवा असेल तर निरोप टाका. रात्री पाठवते, दिवसा ऑफिस असतं.