सीटी झाला, मग एमआरआय कशाला?

प्रश्न : माझ्या मोठ्या दिरांना (वय ५८) हिपॅटायटिस बीमुळे सिरॉसिस (लिव्हर कडक, व्रणांनी भरलेलं होणं) आहे. ट्रिपल फेज सीटीत (डाय देऊन वेगवेगळ्या वेळी तीनदा काढलेल्या स्कॅनमध्ये) लिव्हरमध्ये दीड सेंटिमीटरची गाठ निघाली. परळच्या सर्जननी आता एमआरआय सांगितलाय, शिवाय ऑपरेशन चालू असताना सोनोग्राफी करणार म्हणतात. एकच गाठ किती वेळा बघायची? पेट स्कॅनने एकदाच काय ते कळणार नाही का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गाठ खरंच एकच आहे का, तेच बघायचंय.

लिव्हरला बहुतेक रक्त पोर्टल शिरेतून मिळतं. सिरॉसिसमधल्या गाठीत शंका असते ती लिव्हरमध्येच सुरू होणाऱ्या कॅन्सरची, आणि तो मात्र धमनीवर पोसतो. म्हणून डाय (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) शिरेतून दिल्यावर साधारण ३५ सेकंदांनी गाठ उजळते आणि पुढच्या फेजमध्ये भोवतालच्या लिव्हरपेक्षा काळपट पडते. हे दोन्ही स्वच्छ दिसलं तर सिरॉसिसमध्ये बऱ्याचदा बायोप्सीही लागत नाही. पण सुई बारीक असली, डाय हळू गेला, की ती पहिली फेज हुकते.

दोन सेंटिमीटरच्या आतल्या गाठींना एमआरआय सरस. त्यातला गॅडोक्झेटेट डाय चांगल्या पेशी शोषून घेतात. २० मिनिटांनी लिव्हर उजळ आणि गाठ बहुधा काळी. बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) फार वाढलेलं असेल तर लिव्हर नीट उजळत नाही. पोटात पाणी असेल किंवा श्वास रोखता आला नाही, तर चित्र हलतं. दिरांकडून १५-२० सेकंद श्वास रोखायचा सराव घरीच करून घ्या.

टेबलावरच्या सोनोग्राफीत प्रोब थेट लिव्हरवर टेकतो; मध्ये ना फासळ्या, ना चरबी. स्कॅनमध्ये न दिसलेली बारीक गाठ सापडते आणि शिर किती मिलीमीटरवर आहे ते पाहून कापायची रेघ ठरते. ही सोनोग्राफी टाळू नका. काही ठिकाणी आयसीजी हा हिरवा रंग आधीच शिरेतून देतात. खास कॅमेऱ्यात गाठ चमकते. मात्र तो जेमतेम सेंटिमीटरभर खोलवरचंच दाखवतो, आणि सिरॉसिसच्या निरुपद्रवी गाठीही चमकतात. चमकलं म्हणून कापलं, असं होत नाही.

नेहमीचा पेट स्कॅन इथे फसवा : त्यात एफडीजी ही साखरेसारखी किरणोत्सारी खूण देतात, आणि या कॅन्सरच्या बऱ्याच गाठी ती पुरेशी ओढतच नाहीत.

एमआरआयआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा आणि सीटीची सगळ्या फेजेसची सीडी मागून घ्या. नुसत्या रिपोर्टवर सर्जनचं भागत नाही, आणि फिल्म तर लोकलच्या गर्दीत दुमडतातच.