वडिलांच्या पश्चात सर्कस कुणाची? दोघे भाऊ भांडतायत

तुमचा प्रश्न असा की, चिकोडीकडची सर्कस, वडील गेले, थोरला म्हणतो नाव माझं, धाकटा म्हणतो तंबू माझा, आणि दोघांनी मिळून चाळीस माणसांचे पगार अडवलेत.

आधी भागीदारीचा करार शोधा. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर भागीदार वारल्यावर 1932च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्म संपते आणि मग हिशोब करून आधी बाहेरची देणी, उरलेलं वाटून. फर्म नोंदलेली नसली तरी ती मोडण्याचा आणि हिशोबाचा दावा लावता येतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, वकीलही कधीकधी घाबरवतात. वडिलांची एकट्याचीच मालकी असेल तर मात्र प्रकरण वारसाचं होतं, मग आई आणि लग्न झालेल्या बहिणीही हक्कदार. बहिणींना विचारलंय का कुणी?

मी बेळगावात एका सर्कशीची हिशोबवही सांभाळायचो. भाऊ भांडले तेव्हा एकानं जनरेटरची चावी खिशात घातली, दुसऱ्यानं झुल्याचे दोर ट्रकात भरले. रात्रीचा खेळ रद्द, तिकिटाचे पैसे परत. चावी आणि दोर, दोन्ही एकमेकांशिवाय भंगार!

तसंही आता तंबूत वाटण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. वाघ-सिंहांचे खेळ कायद्यानं बंद, 2011 पासून लहान मुलंही नाहीत. तेव्हा दावा दाखल करण्याआधी सामानाची यादी करा, फोटो काढा, दोघांच्या सह्या घ्या. आणि पगार आधी द्या हो.