बारा हजारांचे बहुमत की मताधिक्य?

प्रश्न असा आला आहे : "निकालाच्या बातमीत 'अमुक उमेदवार १२ हजारांच्या बहुमताने विजयी' असे छापले होते. त्याच पानावर 'पक्षाचे बहुमत हुकले' आणि 'घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश बहुमत लागते' हीसुद्धा वाक्ये होती. तिन्ही ठिकाणी बहुमत हाच शब्द बरोबर आहे का?"

पहिले वाक्य चूक, दुसरे बरोबर, तिसरे अर्धे बरोबर.

उमेदवाराने प्रतिस्पर्ध्यापेक्षा जेवढी मते जास्त घेतली, ते त्याचे मताधिक्य. मत आणि आधिक्य यांचा हा संधी आहे, त्यामुळे 'मताधिक्क्य' असे दोन क घालून लिहू नये. बहुमत म्हणजे निम्म्याहून अधिक मते. समजा, एका मतदारसंघात १ लाख वैध मते पडली. पहिल्याला ३८ हजार, दुसऱ्याला २६ हजार, उरलेली ३६ हजार इतरांत वाटली गेली. पहिला १२ हजारांच्या मताधिक्याने निवडून आला, पण ६२ हजार मते त्याच्या पारड्यात पडलेलीच नाहीत. 'बहुमताने विजयी' लिहिले की वाचकाला वस्तुस्थितीच्या नेमके उलट सांगितले जाते. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो, निम्म्याची अट नाही. हीच लढत ५६ हजार विरुद्ध ४४ हजार अशी झाली, तर विजेत्याला बहुमतही मिळाले असे खुशाल म्हणावे. तरीही १२ हजार हा आकडा मताधिक्याचाच राहतो.

ही गल्लत इंग्रजीतून आली असावी. तिथे 'मेजॉरिटी' हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. प्रचाराच्या फलकांवरचे 'प्रचंड बहुमताने विजयी करा' हे वाक्यही कानात बसलेले असते. फलकावर ते चालून जाते, निकालाच्या बातमीत चालू नये. बोलण्यातला 'बारा हजारांचे लीड' हा प्रयोग त्या मानाने कितीतरी नेमका आहे. मतमोजणी सुरू असताना 'आघाडी' आणि निकाल जाहीर झाल्यावर 'मताधिक्य' हा भेद पाळला तर फारच चांगले, कारण आघाडी मोडू शकते.

पक्षाच्या बाबतीत मोजमाप मतांचे नसून जागांचे असते, म्हणून तिथे बहुमत योग्यच. लोकसभेच्या ५४३ जागांत ते २७२, महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांत १४५. याची व्याख्या 'निम्मे अधिक एक' अशी सर्रास दिली जाते. २८८ ला ती जुळते, पण ५४३ चे निम्मे २७१.५ होतात आणि त्यात एक मिळवला तर २७२.५ असा अर्थहीन आकडा येतो. 'निम्म्याहून अधिक' एवढेच म्हणावे. २०२४ मध्ये भाजपला लोकसभेत २४० जागा मिळाल्या. तो सर्वांत मोठा पक्ष ठरला, त्याला बहुमत नव्हते. २९३ जागांसह बहुमत मिळाले ते राष्ट्रीय लोकशाही आघाडीला.

सभागृहात प्रत्यक्ष मतदान होते तेव्हा मात्र २७२ किंवा १४५ हा आकडा गाठावाच लागतो असे नाही. साधे बहुमत मोजतात ते हजर राहून मतदान करणाऱ्यांचे. सभात्याग करणारे आणि तटस्थ राहणारे, दोघेही हिशेबाबाहेर. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत; मते समसमान पडली तरच त्यांचे निर्णायक मत येते. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली. एकूण ५३९ मतांत २७० हेच बहुमत होते, आणि सरकार गेले.

आता दोन तृतीयांश. घटनादुरुस्तीच्या ३६८ व्या अनुच्छेदात एक नव्हे, दोन अटी आहेत : हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश, शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक. लोकसभेत ३०० जणच मतदानाला असतील, तर २०० मतांनी पहिली अट पुरी होते, दुसरी होत नाही. तिला २७२ लागतात. दोन्ही सभागृहांत हे वेगवेगळे जमावे लागते. म्हणून 'दोन तृतीयांश बहुमत' हे वर्णन अपुरे, 'विशेष बहुमत' अधिक बरे. अपूर्णांकही इथे महाग पडतो. १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द करणाऱ्या विधेयकाला राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ मते पडली. २२४ चे दोन तृतीयांश १४९.३३, म्हणजे १५० मते हवी होती. विधेयक पडले.

विशेष बहुमत लागते ते विधेयक मंजूर करताना, मांडताना नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एकत्रित निवडणुकांचे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत २६९ विरुद्ध १९८ मतांनी मांडले गेले. मांडायला एवढी मते पुरली; त्याच ४६७ मतदारांत मंजुरीसाठी ३१२ लागली असती.

केंद्र-राज्य अधिकारांचा विषय आला की शब्द आणखी जपून वापरावे लागतात. केंद्र आणि राज्ये यांच्यात कायद्याचे विषय वाटून देणाऱ्या सातव्या अनुसूचीतल्या सूची बदलायच्या तर संसदेच्या विशेष बहुमतावर 'किमान निम्म्या' राज्यांच्या विधानमंडळांचे अनुसमर्थन, म्हणजे मान्यतेचा ठराव, लागते. इथे 'निम्म्याहून अधिक' लिहिणे चूक, कारण २८ पैकी १४ राज्ये पुरतात. राज्यसूचीतल्या विषयावर राष्ट्रहितासाठी संसदेने कायदा करावा, असा ठराव राज्यसभा २४९ व्या अनुच्छेदाखाली करते, तेव्हा मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश एवढीच अट असते आणि ठराव एका वेळी वर्षभरच टिकतो. नवे राज्य निर्माण करायला मात्र संसदेचे साधे बहुमत पुरते. संबंधित विधानसभेचे मत मागवतात, पण तिची संमती बंधनकारक नाही. तेलंगणा २०१४ मध्ये असेच झाले. 'राज्याच्या विभाजनासाठी घटनादुरुस्ती लागते' हे वाक्य अजूनही छापून येते, ते दुरुस्त करायला हवे.

राष्ट्रपतींवरील महाभियोगाला एकूण सदस्यांचे दोन तृतीयांश लागतात, लोकसभेत ३६२. लोकसभेच्या अध्यक्षांना पदावरून दूर करताना सभागृहाच्या त्या वेळच्या सर्व सदस्यांचे बहुमत मोजतात, म्हणजे रिक्त जागा वगळून. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत याला 'प्रभावी बहुमत' म्हणतात. त्यातून काहीच कळत नाही. 'विद्यमान सदस्यांचे बहुमत' म्हटले तर लगेच कळते.

पक्षांतरबंदीच्या बातम्यांतही 'दोन तृतीयांश बहुमत' येते, तिथे तर बहुमत हा शब्दच नको. दहाव्या अनुसूचीप्रमाणे पक्षाच्या विलीनीकरणाला त्याच्या विधिमंडळ पक्षाच्या, म्हणजे सभागृहातल्या त्याच्या सदस्यांच्या गटाच्या, किमान दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. सभागृहातले मतदान नाही, हजर-गैरहजर नाही; ३० आमदारांच्या पक्षात २० जण, मग बाकीचे कुठेही असोत. एक तृतीयांशांनी अपात्र न ठरता फुटण्याची मुभा २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली आहे, त्यामुळे 'एक तृतीयांश आमदार फुटल्याने गट वाचला' असे आजच्या घडामोडींबद्दल लिहिता येत नाही.