"जेवला काय गं?" हा प्रश्न जरा बाजूला ठेवूया

खानापूरची एक लेक ब्रिस्टलला असते, तिनं लिहिलंय. मुलगा सव्वातीन वर्षांचा, वरणभात आणि टोस्ट सोडून काय खाईना झालाय, भाजी दिसली की तोंड फिरवतो, दूध मात्र दिवसाला चार बाटल्या, आणि रविवारी तिकडं दुपारी 1 ला (इकडं साडेसहा वाजलेले असतात) व्हिडिओ कॉल लागला की सासूबाईंचा पहिला प्रश्न, "जेवला काय गं? वाळलाय की पोरगा!" मग ही फोनवर कार्टून लावते, मागं मागं पळून दोन घास कोंबते, तो ओकारी काढतो आणि ही बाथरूममध्ये जाऊन रडते. नर्सरीत म्हणे तोच पोरगा मटार खातो.

अगं पोरी, तुझं काही चुकलंय म्हणून तो असा झालेला नाही. दोन ते सहा वर्षांत नवीन पदार्थाला घाबरणं बहुतेक मुलांत असतंच, आणि कुणाला ते जास्त, कुणाला कमी हे बरंचसं जन्मतःच ठरतं, जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांत हे दिसलंय. शिवाय पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं, पुढं वर्षाला दोन-अडीच किलोच वाढतं, म्हणजे भूक कमी होणारच. आपण मात्र पहिल्या वर्षाचा हिशोब धरून बसतो.

आता दूध बघ. चार बाटल्या म्हणजे लिटरभर होतंय, आणि या वयाला दिवसाचं साधारण अर्धा लिटर पुरे. दुधात लोह जवळजवळ नसतं, पोट मात्र भरतं, मग जेवायला भूक लागत नाही, लोह कमी पडलं की भूक अजून मरते, आणि पोरगा खात नाही म्हणून आपण परत दूधच देतो! हे चक्र आधी तोड. बाटली बंद, दूध कपातून आणि जेवणानंतर. चार दिवस रडेल, रडू दे की.

मी बेळगावात लहान मुलांच्या आहाराचंच काम करते, तरी माझ्या थोरलीला मी पाच वर्षांची होईपर्यंत टीव्हीसमोर बसवून भरवलंय. मेथी खात नाही म्हणून मेथी करायचीच बंद केली, मग दोडका, मग गवार. आज ती 19 वर्षांची आहे, बेंगळुरूला हॉस्टेलवर असते, दहीभात नाहीतर नूडल्स. सगळं माझ्यामुळंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण ज्या भाज्या तिच्या ताटात कधी आल्याच नाहीत त्या तिला आवडणार कशा, हे मला आजही डाचतंय.

आणि हे फक्त माझ्या घरचं नाही. तुझ्याच ब्रिस्टल भागात 1991-92 मध्ये बाळंत होणाऱ्या 14 हजारांवर बायकांना घेऊन एक मोठा अभ्यास सुरू झाला, त्यांची मुलं अजून बघतायत. त्यात तिसऱ्या वर्षी जी मुलं खाण्यात चोखंदळ होती, ती 10 आणि 13 व्या वर्षी पण भाजी, फळं, मांस-मासे बाकीच्यांपेक्षा कमी खात होती. त्याच अभ्यासात असंही दिसलं की ज्यांना गुठळ्या असलेलं, चावायचं जेवण नऊ महिन्यांनंतर सुरू झालं, ती सातव्या वर्षी भाज्या-फळं कमी खात होती, म्हणून ज्यांची बाळं अजून लहान आहेत त्यांनी खिचडी मिक्सरला लावत बसू नका, हातानं कुस्करा.

मग करायचं काय? काय द्यायचं आणि कधी द्यायचं ते तू ठरव, किती खायचं ते त्याला ठरवू दे. दोन जेवणांत अडीच-तीन तासांचं अंतर, मधे पाणी सोडून काही नाही, अर्ध्या तासानं ताट उचल, रागवायचं नाही आणि "एक घास आज्जीचा" पण नाही. वरणभात असू दे, त्याच्या कडेला चमचाभर भाजी रोज येऊ दे, खाल्ली नाही तरी. एखादी चव पटायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, आपण तिसऱ्याच वेळेला हार मानतो. नर्सरीत मटार जातो कारण तिथं चार पोरं बरोबर बसून खातात आणि कुणी तोंडाकडं बघत नाही, म्हणून घरी तुम्ही दोघंही त्याच्याबरोबर बसा, फोन बाजूला ठेवून. तुमच्या घरची नाचणीची आंबील दे, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यामुळं दूध कमी केल्याचं टेन्शन नको. तिकडं पाच वर्षांपर्यंत व्हिटॅमिन ए, सी आणि डी चे ड्रॉप्स द्यायला सांगतात, ते चालू आहेत का बघ.

एक मात्र ऐक. रेड बुकमधल्या (तिकडची बाळाच्या आरोग्याची नोंदवही) चार्टवर वजनाची रेघ खाली घसरत असेल, प्रत्येक घासाला ठसका लागत असेल, किंवा खायचे पदार्थ महिन्या-महिन्याला कमीच होत चालले असतील, तर हट्टी आहे म्हणून सोडून देऊ नकोस, हेल्थ व्हिजिटरला, म्हणजे लहान मुलांच्या तब्येतीकडं बघणाऱ्या तिकडच्या नर्सला, नाहीतर डॉक्टरांना दाखव. अ‍ॅर्फिड नावाचा खाण्याचा एक आजार आहे, 2013 पासून त्याला वेगळं नाव मिळालंय, त्याला घरच्या युक्त्या पुरत नाहीत.

सासूबाईंवर रागवू नकोस, एवढ्या लांबून दुसरं विचारणार तरी काय त्या. त्यांना कामाला लाव. पुढच्या रविवारी सांग, आई, तुम्ही पण ताट घेऊन बसा, जोंधळ्याची भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि कॉलवर त्याला काही विचारू नका, नुसतं त्याच्यासमोर जेवा.