पाच लाखांची मर्यादा, पतसंस्था आणि जुने पासबुक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (गुहागर) : आंब्याच्या हंगामातले नऊ लाख रुपये एकाच बँकेच्या गुहागर, चिपळूण आणि रत्नागिरी या तीन शाखांत समान वाटून मुदत ठेवीत ठेवले आहेत. बँक अडचणीत आली तर सगळे विम्यातून मिळतील ना?

उत्तर : मिळणार नाहीत. ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराच्या एकाच बँकेतील सर्व शाखांमधील बचत, चालू, आवर्ती आणि मुदत ठेवी व्याजासह एकत्र धरते आणि त्या बेरजेवर 5 लाख रुपयांपर्यंतच भरपाई देते. ही मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासूनची असून त्याआधी ती 1 लाख होती. उरलेल्या रकमेसाठी, बँक अवसायनात निघाल्यास, म्हणजे ती बंद करून तिचा हिशेब मिटवायला घेतल्यास, तिच्या मालमत्तेच्या वसुलीची वाट पाहावी लागते, आणि ती वर्षानुवर्षे लांबू शकते. म्हणून ठेवींची मुदत संपेल तशी एक रक्कम दुसऱ्या बँकेत हलवा. शाखा बदलून काहीच साधत नाही. पती-पत्नीच्या संयुक्त खात्याला मात्र वैयक्तिक खात्याहून वेगळी मर्यादा मिळते.

प्रश्न (दापोली) : पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज दुकानात येतो आणि व्याजही बँकेपेक्षा जास्त आहे. मग बँकेतच का ठेवायचे?

उत्तर : दारात येणारी सेवा छोट्या दुकानदाराला खरोखर उपयोगाची आहे, ती तुच्छ लेखू नये. पण पतसंस्था ही बँक नव्हे. तिची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली होते, तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि तिच्या ठेवींना वर सांगितलेले विमासंरक्षण नसते. नागरी सहकारी बँकेला परवाना आणि विमा दोन्ही असतात. नावात ‘सहकारी’ हा शब्द समान असल्याने लोकांची गल्लत होते, आणि अनेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अशा गल्लतीपायी अडकलेली पाहून वाईट वाटते. जादा व्याज हा त्या जोखमीचा मोबदला आहे, असेच समजावे. रोजच्या भरण्याची पावती मशीनमधून निघाली की त्यावरची रक्कम आणि एकूण शिल्लक एजंट निघण्यापूर्वी वाचा, आणि महिन्यातून एकदा संस्थेत जाऊन खातेउतारा ताडून पाहा. वार्षिक अहवालातील थकबाकीचे प्रमाण आणि लेखापरीक्षणाचा वर्गही (हिशेब तपासून संस्थेला दिलेली अ, ब, क, ड यांपैकी श्रेणी) विचारा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे. घर चालवण्याचा पैसा तिथे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न (मालवण) : बँक आमचे पैसे तिजोरीत ठेवते की वापरते?

उत्तर : वापरते, आणि तोच तिचा व्यवसाय आहे. ठेव म्हणजे तुम्ही बँकेला दिलेले कर्ज होय. 2025 मधील कपातीनंतर ठेवींच्या 3 टक्के रक्कम रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी ठेवावी लागते, 18 टक्के प्रामुख्याने सरकारी रोख्यांत राहते आणि उरलेल्यातून नौकांसाठी, घरांसाठी, बागांसाठी कर्जे दिली जातात. कर्जावरील आणि ठेवीवरील व्याजातील फरकातून बँक खर्च भागवते व बुडीत कर्जांची तरतूद करते. नौकेचे कर्ज काही वर्षांनी फिटते, पण गणपतीच्या दिवसांत ठेवीदाराला रोकड आजच हवी असते. हा मेळ घालण्याचे कौशल्य ज्या बँकेकडे नाही, ती फायद्यात असूनही अडचणीत येऊ शकते.

प्रश्न (देवगड) : दिवंगत वडिलांचे जुने पासबुक सापडले. पैसे बुडाले का?

उत्तर : नाही. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात, तरी वारसांचा हक्क संपत नाही. अशा बेवारस ठेवी शोधण्यासाठी असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर वडिलांचे नाव शोधा आणि मृत्यूदाखला व वारसाची कागदपत्रे घेऊन त्याच बँकेकडे अर्ज करा.